दारावरच्या खिळ्याचा कागद

प्रिय रोसाउरा,

तुझं पत्र येऊन आज अकरा दिवस झाले. एरवी मी दुसऱ्याच दिवशी उत्तर लिहायला बसते आणि तुझं अर्धं म्हणणं विसरून माझंच चऱ्हाट लावते. या वेळी तीनदा बसले आणि तीनदा कागद फाडला. आधी इत्सेलशी बोलते, कारण हे पत्र तीच तुमच्या भाषेत करून तुला वाचून दाखवणार. इत्सेल, बाळ, गेल्या वर्षी तुझ्या आईच्या खारट भाताबद्दल मी जे लिहिलं होतं ते तू गाळलंस, हे मला कळलं आहे. या वेळी काहीही गाळायचं नाही. माझा राग आला तर उठून पाणी पिऊन ये, पण परत येऊन पुढे वाच.

रोसाउरा, तू दोन गोष्टी विचारल्यास. एक म्हणजे, दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर एजंटाचा माणूस इकडे कामाला कुणाकुणाला बोलावलं त्याची यादी घेऊन तुमच्या गावात येतो, या वर्षी मार्च उजाडला तरी त्याचा पत्ता का नाही. इत्सेलचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष त्या यादीवर अडलं आहे, हे तू लिहिलं नसतंस तरी मला माहीत होतं. दुसरं म्हणजे, तुमच्याकडच्या टीव्हीवर तू माझ्या कॉरिनला पाहिलंस. आपण दोघी शेजारी बसून खेकडे सोलतो त्या हॅलमच्या खेकडेघरासमोर हातात फलक धरून उभी होती. माझ्या स्वयंपाकघरातल्या फोटोवरून तू तिला ओळखलंस, आणि विचारलंस की मिस लुव्हीनिया, मी तुमच्या मुलीची खुर्ची घेतली का? ते वाक्य वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं आणि बराच वेळ नुसती ओटा पुसत बसले. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते सरळ सांगायची हिंमत नाही म्हणून क्रमाने सांगते.

तुम्हाला तिकडे दाखवलं ते खरंच आहे. जानेवारीच्या शेवटी इथल्या सभागृहात बैठक होती. बाहेरून माणसं आणायचे परवाने या वर्षी कमी करणार अशी आवई उठली होती, म्हणून सगळे खेकडेघरवाले जमले होते. मी दुसऱ्या रांगेत होते, माझा निळा कोट घालून. मिस्टर हॅलम बोलायला उठला. आधी त्याने आपल्या आजोबांचं सांगितलं, मग खाडीचं सांगितलं, आणि मग म्हणाला, "ज्या कामाला इथल्या काळ्या बायकासुद्धा आता हात लावत नाहीत, ते काम या मेक्सिकन बायका हसत हसत करतात." बस, एवढंच. कुणीतरी ते टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं आणि तिसऱ्या दिवशी टीव्हीवर. त्यानंतर आमच्या या बेटाला जोडणाऱ्या पुलावर मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या इतक्या गाड्या आल्या.

आमच्या लोकांची तळपायाची आग मस्तकात गेली, आणि जायलाच हवी होती. त्या एका "सुद्धा"त काय काय आहे ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. माझ्या आजीने त्या टेबलाशी खेकडे सोलले, आईने सोलले, मी नऊ वर्षांची असताना खोक्यावर उभी राहून सोलले. ऐंशी वर्षं आमच्या हातांनी त्या घराण्याला पोसलं आणि आज आम्ही आळशी. आणि तुम्ही हसत हसत करता म्हणे. तो ऑगस्टमध्ये कधी त्या खोलीत पाच मिनिटं उभा राहिलाय का? मी तुला रडताना पाहिलंय, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळताना पाहिलंय, काम करता करता हसताना मात्र फक्त एकदाच पाहिलं, आणि ते मी खुर्चीवरून पडले होते म्हणून.

आता रोज काहीतरी नवीन. बाल्टिमोरच्या दोन मोठ्या हॉटेलांनी हॅलमचा माल बंद केला. गोऱ्यांच्या अंगणात त्याच्या बाजूच्या पाट्या लागल्या आहेत, आमच्या चर्चच्या अंगणात त्याच्या विरुद्ध. तुमचं राहण्याचं घर थंडीभर बंद असतं, तर कुणीतरी त्याच्या भिंतीवर काळ्या रंगाने "येऊ नका" असं लिहून ठेवलं. ते आमच्यातल्या कुणी लिहिलं की त्यांच्यातल्या, ठाऊक नाही. मी घासणी घेऊन गेले होते पण तो रंग निघत नाही. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की मी पडदा सारून बघते.

कॉरिन दर शनिवारी बाल्टिमोरहून येते. चाळिशीकडे आलेली बाई, शाळेच्या कचेरीत काम करते, चार माणसांत बोलायची सवय आहे, त्यामुळे साहजिकच ती पुढे झाली. टीव्हीवाल्या बाईने तिला विचारलं की तुमचा याच्याशी काय संबंध, तेव्हा ती जे म्हणाली ते तुमच्याकडे दाखवलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "बारा वर्षांपूर्वी मी त्या दारावरच्या कागदावर माझं नाव लिहिलं होतं. सगळ्यांत वर. आम्हाला कुणी बोलावलंच नाही, आणि आता म्हणतात आम्हाला नको होतं."

हॅलमने दुसऱ्या दिवशी त्याच बाईला सांगितलं की त्या वर्षीचा असा कुठला कागद त्याने पाहिलाच नाही. आता सगळं गाव त्याला खोटारडा म्हणतं. रोसाउरा, त्या माणसाबद्दल माझं मत तुला माहीत आहे. माझा नवरा गेला तेव्हा तो स्वतः जेवण घेऊन दारात आला होता, आणि त्याच माणसाने चौदा बायकांना मिळून एक न्हाणीघर दिलं आहे. तेव्हा त्याची बाजू घ्यायची मला काही हौस नाही. पण तो खोटं बोलत नाहीये. त्याने तो कागद खरंच पाहिला नाही.

तो कागद तू कधी पाहिला नसशील, कारण तुम्ही आलात तेव्हापासून ती पद्धतच बंद पडली. हंगाम संपला, शेवटचे डबे बर्फात गेले, की खेकडेघराच्या मागच्या दारावरच्या खिळ्याला एक कोरा कागद लागायचा. पुढच्या वसंतात ज्यांना खुर्ची हवी त्यांनी नाव लिहायचं. आठवडाभराने टेबलाची मुकादम तो काढायची आणि मालकाला नेऊन द्यायची. मुकादम म्हणजे आधी माझी आई, मग मी. त्या वर्षी आमच्यातल्या चौदाजणी एकदम थकल्या, कुणी देवाघरी गेल्या, कुणी मुलांकडे. चौदा खुर्च्या रिकाम्या. मी आठवड्याने कागद काढायला गेले तर त्याच्यावर एकोणीस नावं होती. आणि पहिलं नाव कॉरिनचं, निळ्या शाईत, तिच्या त्या गोल गोल अक्षरात.

ती तेव्हा पंचवीस वर्षांची होती. शिक्षण अर्धं टाकून घरी आली होती आणि नुसती पडून असायची. लहानपणी ती शाळेतून रडत यायची, कारण तिच्या शेजारी बसायला पोरं नाक मुरडायची. तिने कधी खेकड्याला हात लावला नव्हता, वास माझ्या हातांचा होता, वेणी घालताना तिच्या केसांना लागायचा. लिंबू, व्हिनेगर, कॉफीचा चोथा, काय काय करून पाहिलं. तेव्हाच मी ठरवलं होतं की ही पोरगी त्या टेबलाशी बसणार नाही. एकदा बसली की उठत नाही कुणी, ते मी तीन पिढ्या पाहिलं आहे. त्या दारात उभी राहून मी ते नाव दोनदा वाचलं. एकच नाव खोडलं असतं तर ते दिसलं असतं. म्हणून मी अख्खा कागद घडी करून कोटात घातला, हॅलमकडे गेले आणि म्हणाले, "आमच्या पोरी आता खेकड्याला हात लावणार नाहीत, मिस्टर हॅलम. तुम्ही दुसरीकडे बघा."

आता कळलं ना? मी दुसऱ्या रांगेत बसले होते आणि तो माणूस व्यासपीठावरून मला माझंच वाक्य ऐकवत होता. त्यातला हिणकसपणा त्याचा, तो त्याने घरून आणला. पण मूळ बी माझं. सगळं सभागृह खवळून उठलं, पाद्रीबाबा उभे राहिले, माझ्या शेजारची अर्लेटा माझा हात धरून होती आणि मी मूग गिळून बसले होते.

त्या हिवाळ्यात कॉरिन रोज विचारायची, "आई, बोलावणं आलं का?" मी म्हणायचे, नाही गं, त्यांना दुसऱ्या मिळाल्या असतील. मार्चमध्ये ती बाल्टिमोरला मावशीकडे गेली. आधी हॉस्पिटलच्या धुलाईघरात लागली, मग रात्रीच्या वर्गात शिकली, मग शाळेत आली. मला जे हवं होतं ते झालं. वर्षानुवर्षं मी देवाचे आभार मानले आणि त्या आभारांत स्वतःची पाठही थोडी थोपटून घेतली. आपल्याला का घेतलं नाही हे कोडं मनात घेऊन ती इतकी वर्षं हिंडत होती, हे मला टीव्हीवर तिचं तोंड पाहिलं तेव्हा कळलं.

पण खरा घोर तिचा नाही, बाकीच्या अठराजणींचा आहे. त्यांना मी विचारलंसुद्धा नाही. त्यांना वाचवायला त्या काही माझ्या पोरी नव्हत्या. अर्लेटाला तू ओळखतेस, मोठी टोपी घालून चर्चला येते ती. ती पन्नास मैलांवरच्या कोंबडीच्या कारखान्यात लागली. पहाटे चारला निघायची, अकरा वर्षं पंख कापले, आता तिच्या उजव्या हातात कप धरवत नाही. दर रविवारी तीच मला गाडीतून चर्चला नेते. सभेनंतरच्या रविवारी गाडी चालवता चालवता म्हणाली की तिला इतकी वर्षं वाटायचं, ती हळू होती म्हणून मी तिचं नाव पुढे केलं नसेल. चर्च आल्यावर तिने उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं, कारण माझे गुडघे दुखतात.

आणि मग तुम्ही आलात. ती बस मला अजून आठवते. चौदाजणी, सगळ्यांच्या अंगावर पातळ स्वेटर, एप्रिलमधला खाडीवरचा वारा, आणि तू सगळ्यांत मागे एक पिशवी छातीशी धरून. आम्ही टेबलाशी भजन म्हणत होतो ते थांबलं. तो अख्खा हंगाम ते पुन्हा सुरू झालं नाही. आमच्या बायका तुमच्याकडे पाठ करून बसायच्या. मीच उठले आणि तुला माझ्या शेजारी बसवलं, माझी जुनी सुरी दिली, नांगी कुठे दाबायची, पाठीचा मोठा तुकडा न मोडता कसा उचलायचा ते हाताला धरून शिकवलं. तू सगळ्यांना सांगतेस की मिस लुव्हीनियाने पहिल्या दिवशी मला जवळ केलं. इत्सेलसाठी प्रार्थना करताना माझंही नाव घेतेस. रोसाउरा, ते प्रेम पहिल्या दिवशी नव्हतं. ज्या खुर्च्या मी रिकाम्या केल्या त्यांच्यात कोण येऊन बसलं ते माझ्याने लांबून बघवेना, म्हणून तुला जवळ घेतलं. प्रेम नंतर आलं. तू तुझ्या मिरच्या माझ्या सूपात घातल्यास आणि मी दोन दिवस शिव्या घातल्या, तिथून कुठेतरी.

आता या वर्षाचं सांगते. बाहेरून माणसं आणायची तर हॅलमला दर वर्षी सरकारला एक कागद द्यावा लागतो, की आम्ही गावात विचारलं, इथलं कुणी या कामाला तयार नाही. विचारायचं काम मुकादमचं, तेव्हा त्याच्यावर सही माझी. फेब्रुवारी लागला की तो कागद घेऊन येतो, मी बिस्किटं पुढे करते, सही करते, तो एक बिस्कीट खातो आणि जातो. बारा वर्षांत मी एकदाही कुणाला विचारलं नाही. कुणी हो म्हणालं असतं तर काय करायचं होतं मी? आणि पहिल्या हंगामानंतर तर तुझा चेहराच डोळ्यांपुढे यायचा. सही केली नाही तर रोसाउरा येणार नाही, एवढंच मला दिसायचं. पहिलं खोटं पोरीसाठी बोलले, पुढची अकरा तुझ्यासाठी.

या वर्षी मात्र त्या कागदावर सगळ्यांचे डोळे आहेत. आज सरकारी अधिकारी येणार, भरल्या सभागृहात मला पुढे बोलावणार, आणि विचारणार की तुम्ही गावात विचारलं का, कुणी तयार आहे का. त्यासाठीच तुमची यादी अडवून ठेवली आहे. पाद्रीबाबांना वाटतं मी उभी राहून हॅलमचं पितळ उघडं पाडेन. हॅलमला वाटतं मी नेहमीसारखी सही करेन. तो परवा आला होता, टोपी हातात धरून, दारातच उभा राहिला. एवढ्या दिवसांत खंगलाय. म्हणाला, "मिस लुव्हीनिया, तुम्हीच मला सांगितलं होतं ना?" मी हो म्हणाले. त्याला तेवढंच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो मला मानाने मिस म्हणाला, आणि तेही आत्ता.

गेल्या आठवड्यात मी एक गोष्ट केली. सही तरी खरी असावी म्हणून दारोदार गेले. काठी टेकत, बर्फातून, चार दिवस. ज्या एकोणीसजणींची नावं होती त्यांतल्या हयात आहेत त्यांच्याकडे, त्यांच्या लेकीसुनांकडे. खोटं कशाला बोलू, प्रत्येक दारावर टकटक करताना मी मनात म्हणत होते, नाही म्हण गं बाई, नाही म्हण. बहुतेकींनी नाहीच म्हटलं. एक तर इतकी हसली की तिला खोकला लागला. प्रत्येक नकाराबरोबर माझा जीव भांड्यात पडत होता. मग अर्लेटाकडे गेले. म्हटलं, हात असे झालेत तुझे, तुला तर जमायचं नाही. ती म्हणाली, "मला नाही जमणार, पण माझ्या सुनेला हवंय. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही, लुव्हीनिया." सून आतून हात पुसत आली. ती रोज त्याच कोंबडीच्या कारखान्यात जाते आणि तिचं तान्हं दिवसभर आजीजवळ असतं. खेकडेघर तिच्या घरापासून चालत सात मिनिटं. तिच्या मागोमाग तिची बहीण, मग पुलाजवळच्या दोघी, मग आणखी दोघी. सहाजणी हो म्हणाल्या.

सहा, रोसाउरा. कायदा असा आहे की इथल्यांना आधी, उरलेल्या खुर्च्या बाहेरच्यांना. म्हणजे तुमच्यातल्या आठजणींना बोलावणं येईल, सहाजणींना नाही. आणि हॅलम गेल्या हंगामात कुणी किती मांस काढलं त्या क्रमाने बोलावतो, हे तुला माहीत आहे. त्या क्रमात तू खालून तिसरी आहेस.

तू खालून तिसरी का आहेस, तेही मला माहीत आहे. ऑगस्टपासून माझा अंगठा मिटेनासा झाला, मी दोन खेकडे सोलेपर्यंत तुझे पाच होत होते. मी मान वर केली की माझा डबा भरलेला दिसायचा. तू समोर बघत गुणगुणत असायचीस, जसं काही तो डबा देवदूतांनी भरला. मी म्हातारी झाले असले तरी आंधळी झालेले नाही. पाठीचे मोठे तुकडे असे अखंड काढणारी त्या टेबलावर तुझ्याखेरीज कुणी नाही. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर मला उठावं लागलं असतं. दोन महिने तुझी मेहनत माझ्या नावावर गेली आणि मी ती जाऊ दिली. हे मी हॅलमला सांगणार आहे. तो ऐकेल की नाही, ऐकूनही काही करेल की नाही, देव जाणे. त्याच्या जागी माझ्यावर मी विश्वास ठेवला नसता.

कॉरिनला अजून काही माहीत नाही. काल ती रजा टाकून आली आहे, आज सभेला माझ्या शेजारी बसायला. मी हे लिहितेय तेव्हा ती स्वयंपाकघरात मासे तळतेय आणि गुणगुणतेय. मघाशी दारातून डोकावून म्हणाली, "आई, निळा कोट इस्त्री करून ठेवलाय. आज सगळ्यांना दिसू दे आपण कोण आहोत ते." मी हसले. तिला वाटलं मी घाबरलेय म्हणून तिने माझ्या डोक्यावर हात फिरवला. मला तिथेच सगळं सांगून टाकायचं होतं, पण मी पुन्हा पेन उचललं.

तो कागद माझ्याकडे आहे. फेकायचं धाडस कधी झालं नाही. सुऱ्यांच्या खणात तळाला पालथा घालून ठेवला होता, वरून कुणाला वाटावं नुसतं अस्तर आहे. तू दर वर्षी निघताना तुझी सुरी माझ्याकडे ठेवतेस, मुठीला ती लाल चिंधी गुंडाळलेली, ती त्याच कागदावर ठेवली जायची. आज सकाळी कागद काढायला मला आधी तुझी सुरी उचलावी लागली. ती मी पुसून, तेलाचा हात लावून परत खणात ठेवली आहे. पोस्टाने पाठवत नाही. पाठवली तर तू येणार नाहीस हे मीच ठरवल्यासारखं होईल, आणि अजून कुणी काही ठरवलेलं नाही. कागद कोटाच्या खिशात आहे. शाई फिकी झाली आहे, पण सगळी नावं वाचता येतात.

तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू कुणाची खुर्ची घेतली नाहीस. कॉरिनची खुर्ची मी काढून घेतली, आणि आज तुझी काढून घेतेय. हॅलमला, कॉरिनला, त्या सहा बायकांना दोष देऊ नकोस, तो माझ्यासाठी ठेव. इत्सेल, तुझ्या आईने तुला त्या टेबलापासून लांब ठेवायला बारा हंगाम दिले आणि मी माझ्या मुलीला लांब ठेवायला दुसऱ्यांच्या अठरा मुली दिल्या, हा आम्हा दोघींतला फरक आहे. तो तू वाचलास, आता तिलाही वाचून दाखव. तुझ्या शेवटच्या वर्षाचं काय होईल याचा विचार करून मला आठ दिवस झोप नाही, पण झोप न येण्याने कुणाची फी भरली जात नाही हे मलाही कळतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. सभा अकराला आहे. पोस्टाची गाडी सव्वानऊला येते. मी मला ओळखते, रोसाउरा. सभागृहात कॉरिन पहिल्या रांगेत असेल, अर्लेटा तिच्या शेजारी, हॅलम पेन पुढे करेल आणि या हाताला सही करायची सवय आहे. मी तो कागद खिशातच ठेवेन, सगळ्यांकडे बघून हसेन, घरी येऊन कोट टांगेन आणि एप्रिलमध्ये तुला बसमधून उतरताना मिठी मारेन. मी बारा वर्षं हेच केलं आहे, तेराव्या वर्षी सहज जमेल. म्हणून तुला आधी सांगितलं. हे पत्र गेलं की जगात आणखी दोन माणसांना माहीत असेल, तू आणि तुझी लेक, आणि मग सही करून मला तुझ्या तोंडाकडे बघता येणार नाही. तुझी क्षमा मागायला मी लिहिलं नाही, ती मागायची तर सभेनंतर मागेन. मला परत फिरायची वाट बंद करायची होती, आणि ती बंद करू शकेल असं दुसरं माणूस मला सापडलं नाही. नऊ वाजून पाच झाले. कॉरिन न्याहारीला हाका मारतेय. मी आधी फाटकापाशी जाऊन पत्र पेटीत टाकते आणि पोस्टाची गाडी थांबावी म्हणून पेटीचा लाल झेंडा वर करते.

तुझीच,
लुव्हीनिया